कॅमेऱ्याआधी बाईचा वावर बघा

एका नव्या सरपंच ताईंचा प्रश्न आलाय. गाव साडेतीन हजार वस्तीचं. महिला सुरक्षेसाठी यंदा काहीतरी करायचंच, असं सदस्यांनी ठरवलंय: चौकाचौकांत आठ कॅमेरे आणि मुलींना महिनाभर कराटे. कोटेशनही येऊन पडलंय. ताईंना हे पुरेसं वाटत नाही, पण दुसरं काय करावं ते सुचत नाही. शिवाय एखाद्या घरात नवरा बायकोला मारत असेल तर पंचायतीनं मध्ये पडावं का, हेही त्यांनी विचारलंय.

सरपंच ताई, मी चोवीस वर्षं तालुक्याच्या गावी महिला समुपदेशन केंद्रात काम करते. उत्तर लांबणार आहे, निवांत वेळ काढून वाचा.

आधी कॅमेऱ्याचं सांगते. आमच्या भागातल्या एका गावानं सात-आठ वर्षांपूर्वी कॅमेरे बसवले. स्क्रीन ठेवली पंचायतीच्या ऑफिसात, शिपायाच्या टेबलासमोर. दिवसभर तिथं चार पोरं आणि दोन रिकामटेकडे म्हातारे ठाण मांडून बसायचे. चोरी सापडली एक, तीही विहिरीवरच्या मोटरच्या केबलची. पण कुणाची पोरगी स्टँडवर कुणाशी बोलली, किती वेळ बोलली, हसली का, हे दिवेलागणीच्या आत तिच्या घरी पोचायला लागलं. बारावीतल्या एका मुलीचं कॉलेज त्या स्क्रीनपायी सुटलं. वर्गातल्या मुलाकडून प्रॅक्टिकलची जर्नल घेत होती, एवढंच. परीक्षा झाल्या झाल्या तिचं लग्न ठरलं. मी वयाचा दाखला मागवून बघितला, तर अठरा पूर्ण होऊन तीन आठवडे झालेले. थांबवायला कायद्याचं बोट धरावं तर तेही नाही. वडील भले गृहस्थ. मला म्हणाले, "मॅडम, तिच्या सुरक्षेसाठीच केलं हो."

हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता 'सुरक्षा' शब्द ऐकला की मी आधी विचारते, कुणाला कोंडणार आहात? सुरक्षा म्हटलं की आपल्याला रखवाली आठवते. उभ्या पिकाची करतो तशी. पीक जागचं हलत नाही म्हणून त्याची रखवाली जमते. बाईला शाळा, दवाखाना, बाजार, बँक, माहेर, कामाचा बांध, सगळीकडे जायचं असतं. आपल्या भाषेत वावर म्हणजे शेत आणि वावर म्हणजे फिरणं-असणंही. बाईच्या वाट्याला दोन्ही वावर कमी आलेत. पंचायतीला बायकांसाठी जे करता येईल ते सगळं या दोन शब्दांत बसतं, असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट सदस्यांसमोर ठेवा. देशाच्या गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीत महिलांविरुद्धच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत सगळ्यात मोठा वाटा, 31 टक्क्यांच्या वर, नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण दर चार बायकांत एकीनं नवऱ्याकडून मारहाण वा जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. ठाण्यापर्यंत येतात त्या यातल्या मूठभर. कॅमेरा चौकाकडे तोंड करून असतो आणि मार घराच्या दाराआड बसतो.

म्हणजे चौकातला त्रास खोटा, असं नाही. पण तो बघायचा तर बायकांसोबत चालून बघावा लागतो. आम्ही त्याला रात्रीची फेरी म्हणतो. अमावास्येच्या आसपासचा दिवस धरायचा, संध्याकाळी साडेसातला निघायचं. प्रत्येक वस्तीतल्या दोन-तीन जणी: एखादी कॉलेजची पोरगी, एखादी लेकुरवाळी, एखादी सत्तरीची आजी, आणि मळ्यात राहणारी एक तरी. दलित वस्तीतल्या आणि पाल टाकून राहिलेल्या कुटुंबांतल्या बायका हव्यातच, कारण गावाचा उजेड जिथं संपतो तिथंच त्यांची घरं सुरू होतात. बरोबर पुरुष सदस्य नकोत. वायरमन चालेल, उलट आग्रहानं न्या. "भीती कुठं वाटते?" असं विचारू नका, "कुठंच नाही" असं उत्तर येतं. "पाय भराभर कुठं पडतात?" असं विचारा. एका फेरीत एक आजी शाळेच्या मागच्या बोळापाशी नुसती थांबली, पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि पुढे निघाली. तिनं काही सांगितलं नाही, पण बाकीच्या सगळ्यांना कळलं. मी वहीत त्या खांबाचा नंबर लिहिला.

त्या फेरीत अठरा खांबांपैकी सात दिवे बंद निघाले. देवळासमोर दोन हॅलोजन, आणि सार्वजनिक नळ, पिठाची गिरणी, दवाखान्याची वाट, तिन्ही अंधारात. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. खांब कुठं रोवायचे हे ठरवणारे लोक रात्री देवळात जातात, गिरणीवर जात नाहीत. सात दिव्यांचा खर्च एका बऱ्या कॅमेऱ्याएवढासुद्धा आला नाही. पण दिवा बसवणं सोपं, तो चालू ठेवणं अवघड. म्हणून प्रत्येक खांबाखालच्या घरातल्या एका बाईकडे वायरमनचा नंबर दिला आणि दिवा गेला की तिनंच फोन करायचा असं ठरवलं. पहिले दोन महिने वायरमन वैतागला, मग सवय झाली.

संडासांची गोष्ट थोडक्यात. गाव हागणदारीमुक्त झाल्याची पाटी वेशीवर असेलच, तरी फेरीत दारं उघडून बघा. निम्म्यांत गोवऱ्या आणि सरपण निघेल, कारण पाणी नाही. पाणी बाईनंच आणायचं असेल तर ती घागरभर पाणी तिथं ओतत नाही, अंधार पडायची वाट बघते. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते तेवढं विचारा. किल्ली जर सरांच्या खिशात असेल तर आठवीतली मुलगी ती मागणार नाही. ती सकाळपासून पाणी प्यायचंच सोडते.

आता एसटी. माझ्या मते गावातल्या मुलींच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक बस पाडते, आणि सुरक्षेच्या चर्चेत तिचं नाव कुणी काढत नाही. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी गाडीत बघा, बायका किती दिसतात. काही जणी तर मला म्हणाल्या, "हाफ तिकीट आहे म्हणून दवाखान्यात आले, नाहीतर आलेच नसते." पण गाडीची वेळ चुकीची असेल तर हाफ तिकिटाचा उपयोग शून्य. आमच्याकडे एका मार्गावर शेवटची गाडी सव्वापाचला आणि कॉलेजची प्रॅक्टिकल साडेपाचला सुटणारी. मग वडाप, म्हणजे खाजगी प्रवासी जीप. वडापच्या जीपमध्ये मागे जागा नसली की पोरीला पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसवतात, गिअरची दांडी गुडघ्यापाशी. गिअर टाकताना हात कुठं लागतो, हे त्या पोरींनी आईलाही सांगितलेलं नव्हतं. आई "कॉलेज नको" म्हणेल याचीच भीती. तिघींनी सायन्स सोडून आर्ट्सला नाव घातलं, कारण आर्ट्स दुपारी सुटतं. घरी सांगितलं, "गणित जड जातंय."

आम्ही काय केलं ते सांगते, तुम्हाला तसंच करता येईल. आगार व्यवस्थापकाला नुसतं निवेदन दिलं तर त्यावर शिक्का बसतो आणि ते फायलीत जातं. आम्ही त्या मार्गावरच्या चार गावांतल्या पासधारक विद्यार्थ्यांची नावं गोळा केली, मुलं-मुली दोन्ही. कॉलेजचं वेळापत्रक प्राचार्यांच्या सहीनं जोडलं. चारही ग्रामसभांचे ठराव जोडले. गाडी वाढवा, असं मागितलंच नाही, तीच गाडी पाऊण तासानं उशिरा सोडा एवढंच मागितलं. गाडी वाढवायला आगाराकडे गाडी नसते, वेळ बदलायला कागद पुरतो. दोन महिने लागले. एकदा मला वाटलं, होत नाही. झालं. पुढच्या जूनमध्ये त्या मार्गावरून सायन्सला मुली पुन्हा गेल्या. सगळ्या नाहीत. तिघींतली एक एव्हाना सासरी होती.

पैशाचं म्हणाल तर पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, हे तुम्हाला भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, सांगितलं असेल किंवा नसेल. मागच्या तीन वर्षांचा खर्च मागवून बघा. बहुतेक ठिकाणी तो अंगणवाडीच्या सतरंज्या, हळदीकुंकवाचं वाण आणि 8 मार्चचा मंडप यात गेलेला सापडतो. वित्त आयोगाच्या निधीतला अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, भाग आहे, त्यातूनच कॅमेरे घ्यायचे ठरलं असणार. तो खर्च गावाच्या आराखड्यात यावा लागतो, आणि आराखडा ग्रामसभेत मांडावा लागतो. म्हणजे दार तिथं आहे.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हे आपल्या कायद्यातच आहे. ती होते कशी? सकाळी अकराला. अकराला बायका खुरपणीला गेलेल्या असतात. मग शिपाई वही घेऊन संध्याकाळी घरोघर सह्या आणि अंगठे गोळा करतो. तुमच्या गावात असं होत असेल तर ते आधी बंद करा. आम्ही एका गावात सभा रात्री साडेआठला घेतली, जेवणं उरकल्यावर. जागा शाळेच्या पटांगणाची. देवळाचा सभामंडप मुद्दाम टाळला. एक तर काही वस्तीतल्या बायका तिथं पायरीपाशीच घुटमळतात, आणि दुसरं, ज्या चार दिवस 'बाहेर' असतील त्या यायच्याच नाहीत. पहिल्या सभेला एकोणतीस जणी आल्या आणि पाऊण तास कुणीच बोललं नाही. मग एकीनं विचारलं, "दारूचं बोलायचं का?" त्यानंतर साडेदहापर्यंत सभा आवरेना. बाटली आडवी करायचं मतदान नंतर झालंही, पण त्याला गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं दुकानाच्या विरोधात पडावी लागतात, आलेल्यांच्या निम्मी चालत नाहीत. त्या गावात ती थोडक्यात हुकली. दुकान अजून आहे. पण त्या सभेनं बायकांना रात्री साडेआठला घराबाहेर बसायची सवय लागली, ही माझ्या लेखी मोठी मिळकत.

आता दुसरा वावर, कागदावरचा.

माझ्या खोलीत बाई येते तेव्हा मी नाव लिहून घेते आणि विचारते, घर कुठलं? शंभरातल्या नव्याण्णव जणी विचारतात, "माहेरचं सांगू का सासरचं?" दोन्ही सांगतात आणि दोन्ही तिचं नसतं. भाऊ म्हणतो, दिल्या घरी सुखी राहा. नवरा म्हणतो, माझ्या घरातून चालती हो. मार खाऊनही बाई परत का जाते, असं शहाणीसुरती माणसं मला विचारतात. जायला दुसरीकडे दार नसतं म्हणून जाते, एवढं साधं आहे ते.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं, पहिल्या वर्षी गावातल्या प्रत्येक घराच्या उताऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावायचं काम घ्या. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला पती-पत्नी दोघांची नोंद करण्याचा शासन निर्णय 2003 पासून आहे. घरकुल तर दोघांच्या किंवा बाईच्या नावानं मंजूर होतंच. राहिली जुनी घरं. एक अडचण आधीच सांगून ठेवते, कारण वकील तुम्हाला ती सांगून नाउमेद करतील: नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे, तो मालकीचा पक्का पुरावा नाही. मान्य. पण एका रात्री दहा वाजता एका बाईला दोन लेकरांसह घराबाहेर काढलं. ती ठाण्यात आली तेव्हा पिशवीत मुलांचे कपडे आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात तो उतारा. हवालदारानं बल्बखाली धरून वाचला. नवऱ्याला फोन लावून म्हणाला, "अरे, घर तिच्या पण नावावर आहे की." त्या रात्री ती आपल्या घरात झोपली. कायद्यानं तिला उतारा नसतानाही त्या घरात राहायचा हक्क होता, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचं सतरावं कलम तेच सांगतं. पण रात्री दहाला कलम कुणी उघडून वाचत नाही, कागदावरचं नाव वाचतात.

शेतीचं कोडं जास्त किचकट आहे. आपल्याकडे चांगल्या परंपरा नाहीत असं नाही. शेतकरी संघटनेनं शरद जोशींच्या पुढाकारानं नव्वदच्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे त्यातलं गाजलेलं गाव. पुढे सरकारनं 1992 मध्ये सातबाऱ्याला नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची सोय त्याच नावानं केली. अर्ज तहसीलदाराकडे जातो. तुमच्या गावात पाच शेतकरी तयार झाले तरी पुरे. पण त्यांतला एक तुमच्या घरातला असू द्या. लोक भाषण ऐकत नाहीत, सरपंचांचा सातबारा बघतात.

मुलीच्या हक्काबद्दल महाराष्ट्र देशाच्या पुढे होता, 1994 मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीनं वाटा देणारी दुरुस्ती इथं झाली, देशभर ती 2005 मध्ये आली. कागदावर हक्क तेव्हापासून आहे. प्रत्यक्षात रक्षाबंधन-भाऊबीजेच्या सुमाराला दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर उभं राहून बघा. नवी साडी नेसलेल्या बहिणी हक्कसोडपत्रावर सही करायला आलेल्या असतात. त्यांना कुणी धमकावलेलं नसतं. "माहेर तुटेल", एवढी एकच भीती. मी त्यांना सही करू नका असं कधीच सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच विचारते की सही करताय ते वाचलं का. बऱ्याच जणींना वाटतं, नुसतं बँकेचं कर्ज काढायला सही हवीय. पंचायतीनं वर्षातून एकदा महिला सभेत हक्कसोडपत्राचा कोरा नमुना मोठ्यानं वाचून दाखवला तरी मी म्हणेन, काम झालं.

तुमचा शेवटचा प्रश्न, घरातल्या मारहाणीत पडावं का. पडावं. पण तंटा मिटवायला नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण चांगली माणसं इथंच चुकतात. 2007 पासून तंटामुक्त गाव मोहिमेनं बांधाची, पाण्याची, भाऊबंदकीची पुष्कळ भांडणं गावातच सुटली, त्याचं कौतुक आहे. पण बायकोला मारणं हा दोन बाजूंचा तंटा नसतो. समिती बसली की काय होतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पारावर अकरा पुरुष, समोर सतरंजीच्या कडेला ती, डोक्यावर पदर, शेजारी सासू. "थोडं तूही ऐक, थोडं तोही ऐकेल." समजुतीचा कागद होतो, त्यावर तिचा अंगठा. पुढच्या वेळी ती ठाण्यात जाते तेव्हा तोच कागद तिच्याविरुद्ध काढतात: मागेच मिटलं होतं, बाईच भांडखोर दिसते. एका केसमध्ये असे तीन कागद होते. तिसऱ्यानंतर ती आमच्याकडे आली ती डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं म्हणून.

तेव्हा तुम्ही काय करायचं? पहिलं म्हणजे तिला एकटीला भेटायचं, तिच्या घरात नाही आणि पंचायतीतही नाही. अंगणवाडी बरी, तिथं बाई गेली तर कुणी विचारत नाही. "का मारतो?" असं विचारू नका. त्या प्रश्नात तिची चूक शोधणं आहे, ती लगेच मीठ कमी पडल्याचं सांगायला लागते. "किती दिवस चाललंय? गळा दाबतो का? मुलांवर हात उचलतो का? आज घरी जायला भीती वाटते का?" हे विचारा. गळा दाबण्याचं उत्तर हो आलं तर त्या दिवशी तिला एकटी परत पाठवू नका. जिवाला धोका असल्याची याहून स्पष्ट खूण मला माहीत नाही. 112 लावा. सल्ला हवा असेल तर 181.

दवाखान्यात न्यायचं झालं तर डॉक्टरला खरं कारण सांगायचं. "घसरून पडले" असं केसपेपरवर एकदा लिहिलं गेलं की पुढे वकिलाला दोन वर्षं तेच पुसत बसावं लागतं. ठाण्यात नुसती अदखलपात्र नोंद करून हातात कागद देतात, त्यावर समाधान मानू नका, आणि हद्दीचा वाद घातला तर सांगा की तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. नवरा-सासरच्यांच्या छळाच्या ज्या कलमाला पूर्वी सगळे फोर-नाइन्टीएट म्हणायचे ते नव्या न्याय संहितेत, 1 जुलै 2024 पासून, कलम 85 आणि 86 झालंय. पोलीस स्वतःही अजून जुनाच आकडा बोलतात.

पण गुन्हा नोंदवणं हा एकच रस्ता नाही. बऱ्याच जणींना नवरा तुरुंगात जायला नको असतो, मार थांबायला हवा असतो. त्यांच्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, ऑक्टोबर 2006 पासून लागू. तालुक्याला किंवा जिल्ह्याला महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात. ते घटनेचा अहवाल भरतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यापुढे अर्ज जातो. मारायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही, खर्चाला पैसे द्यायचे, असे आदेश मिळतात, आणि त्यातला संरक्षणाचा आदेश मोडला तर तो गुन्हा. तुमच्या कामाची गोष्ट अशी की या कायद्यानं कुणालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येतं, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कसली जबाबदारी येत नाही. म्हणजे सरपंच म्हणून तुम्ही एक पत्र लिहू शकता. पण तिला विचारून लिहा. वकील परवडत नाही म्हणाली तर कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, तिथं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात महिने जातात, कधी वर्षं. खोटा दिलासा देऊ नका. त्या मधल्या काळात ती कुठं राहणार, मुलं कुठल्या शाळेत जाणार, गॅस सिलिंडर कोण देणार, एवढं जरी गावानं बघितलं तरी ती टिकते.

आणि तिनं महिन्याभरानं तक्रार मागे घेतली, तर चिडू नका. मी सुरुवातीला चिडायचे. एकदा एकीला म्हटलंही, "मग आलीस कशाला?" ती परत आली ती चार वर्षांनी. त्या चार वर्षांतला काही हिशेब माझ्याकडेही लागतो.

थोडं तुमच्याबद्दल, न विचारता. महाराष्ट्रात पंचायतींत बायकांना निम्म्या जागा 2011 पासून आहेत, पण खुर्चीत बाई आणि कारभार 'मिस्टरां'चा, ही गोष्ट तुम्हाला मी सांगायला नको. माझी एकच सूचना: डिजिटल सहीचा तो पेनड्राइव्हसारखा तुकडा आणि त्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. भाऊसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये नको, घरच्यांच्या खिशात नको. आता वित्त आयोगाच्या निधीतली देणी त्यानंच निघतात, त्यामुळे सरपंच कोण, हे त्या तुकड्यावरून ठरतं. लाडक्या बहिणीच्या दीड हजारांचंही तसंच. पैसे तिच्या खात्यात येतात, पण एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात आणि पिन कुणाला पाठ? बचत गटाच्या बैठकीत एकदा सहज विचारा आणि चेहरे बघा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. तुमच्याकडेही तो ठराव झाला असेल, फ्रेमही लागली असेल. यंदाच्या हळदीकुंकवाला ज्यांना बोलावणं गेलं त्यांची नावं काढून बघा, ठराव जिवंत आहे का ते कळेल.

अंगणवाडी सेविका, आशा, वीटभट्टीवरच्या आणि दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बायका, यांना कामावर कुणी लैंगिक त्रास दिला तर 2013 च्या कायद्यानं जिल्ह्याला स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. समितीचा पत्ता पंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या. कागद चिकटवला तर आठवड्यात फाटतो.

राहिले कराटे. मुलींना हवे असतील तर जरूर घ्या. घाम येतो, ओरडता येतं, मजा येते, एवढं कारण पुरे. फक्त बंद हॉलमध्ये घेऊ नका. शाळेच्या पटांगणावर घ्या, रोज संध्याकाळी, जिथं एरवी फक्त पोरांचं क्रिकेट असतं. पहिल्या आठवड्यात कुंपणावर बसून पोरं शिट्ट्या मारतील. तेव्हा मुलींना आत नेऊ नका, पोरांच्या आयांना सतरंजी टाकून त्याच कुंपणापाशी बसवा. आमच्याकडे चौथ्या दिवशी कुंपण रिकामं झालं आणि महिन्याभरात त्यातल्या दोघा पोरांनी विचारलं, आम्हालाही शिकता येईल का. मास्तरांनी घेतलं त्यांना, मागच्या रांगेत.

कॅमेऱ्याच्या कोटेशनची मुदत किती आहे ते बघा. महिनाभर असेल, तर त्याआधी अमावास्या येतेच.